विंडोज ११ टाकल्यावर जुना व्हिडिओ एडिटर बंद पडला – आता कशावर काम करावं?

निळीशाई
नमस्कार मंडळी,
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी मी चालढकल करत होते. शेवटी गेल्या आठवड्यात नवी एसएसडी बसवली आणि तिच्यावर विंडोज ११ कोरं टाकलं. मशीन तेच, डिस्क तेवढी नवी. बाकी सगळं सुरळीत झालं, फक्त माझा व्हिडिओ एडिटर चालेना. सेटअप फाइल जपून ठेवलेली होती, इन्स्टॉलही झाला. उघडल्यावर सिरियल नंबर मागतो, नंबर दिला की कंपनीच्या सर्व्हरकडे खात्री करायला जातो आणि तिथेच अडकतो, कारण तो सर्व्हर आता चालूच नाही. कंपनीने हा एडिटर केव्हाच बंद केलाय. ईमेल पाठवली, ती परत आली. पैसे मोजून घेतलेली वस्तू अशी हातातून जावी याचा फार राग आलाय.

खरी अडचण पुढे आहे. बाबांच्या मुलाखतीची ४२ मिनिटांची फिल्म मी त्याच एडिटरवर केली होती. बाबा आता नाहीत. मूळ क्लिपा सगळ्या आहेत, प्रोजेक्ट फाइलही आहे, पण ती दुसरं काहीच उघडत नाही. तयार फिल्मची एकच प्रत आहे, तीही फोनवर पाठवता यावी म्हणून बारीक करून काढलेली, मोठ्या पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. शिवाय पाट्यांमध्ये आत्याचं नाव चुकलंय, ते मला दुरुस्त करायचंच आहे.

याच्या जागी तुम्ही काय वापरता? मला साधी टाइमलाइन, तीन-चार ट्रॅक आणि नीट मराठी अक्षरं एवढंच हवंय. उड्या मारणाऱ्या पाट्या नकोत.

कात्रीकाम
शॉटकट. मोफत, मुक्त स्रोत, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हींवर चालतो, कुठलाही नंबर मागत नाही. मी सहा वर्षं तोच वापरतोय. सुरुवातीला कोरी खिडकी बघून घाबरायला होतं. वरच्या पट्टीतून टाइमलाइन, प्लेलिस्ट आणि फिल्टर्स उघडून घ्या, की ओळखीचं वाटायला लागतं. एस दाबलं की कट, एक्स दाबलं की तुकडा जातो आणि मधली फट बुजते. दोन बटणांवर निम्मं काम होतं.

सांजवेळ
विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प आयताच येतो की. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विकत घेतला तो. १०८० पर्यंत फुकट एक्स्पोर्ट होतं, वॉटरमार्कचा पट्टा-बिट्टा काही येत नाही. माझ्या शाळेतल्या मुलांना अर्ध्या तासात येतो.

पाचवाट्रॅक
क्लिपचॅम्प छोट्या कामाला उत्तम आहे, पण ४२ मिनिटांची, शंभरावर कट असलेली फिल्म मी त्यावर नाही ठेवणार. लॉगिन लागतंच आणि प्रोजेक्ट त्याच्या घरातच राहतो. निळीशाईताईंना नेमका त्याच गोष्टीचा फटका बसलाय ना? एडिटर बंद झाला तरी आपलं काम आपल्याकडे राहिलं पाहिजे.

तिसरीखिडकी
ताई, कुठला एडिटर ते नंतर ठरवू. आधी सांगा, जुनी डिस्क कुठे आहे? पुसली तर नाहीत ना?

निळीशाई
नाही, कपाटात आहे. काढली तशीच पिशवीत घालून ठेवलीय. पण तिच्यावरचं सगळं मी कॉपी करून घेतलंय, म्हणून ती आता कुणाला तरी देऊन टाकणार होते.

तिसरीखिडकी
अजिबात देऊ नका! फायली कॉपी झाल्या, पण चालू स्थितीतला, परवाना मान्य झालेला एडिटर फक्त त्या डिस्कवर आहे. मशीन तेच आहे म्हणता, म्हणजे ती डिस्क परत लावून विंडोज १० सुरू केलं तर एडिटर बहुतेक काही न विचारता उघडेल. तुम्हाला एकदाच आत शिरायचंय. शिरलात की सगळं बाहेर काढायचं. मग नवा एडिटर निवांत शोधा, महिना लागला तरी चालेल.

मी हे इतक्या पोटतिडकीने सांगतेय कारण माझ्याकडून ही संधी गेली. माझा मॅक होता. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आली आणि ३२-बिटवाले सगळे प्रोग्राम एका फटक्यात बंद झाले. आधीच्या मोहावेमध्ये तसा इशारा येत होता, मी तो दर वेळी ओके करून घालवला. एडिटर तर गेलाच, शिवाय जुन्या कोडेकमधल्या काही क्लिपा नव्या क्विकटाइममध्ये उघडेनात. क्लिपा व्हीएलसीत चालल्या, एफएफएमपेग या मोफत टूलने बदलूनही घेतल्या, पण सहा प्रोजेक्टांमधले कट कायमचे गेले. कुठे थांबायचं, काय गाळायचं हे ठरवायला जे तास घातले होते ते कुठल्याच क्लिपेत नसतात, ते प्रोजेक्टमध्ये असतात.

पाचवाट्रॅक
तिसरीखिडकीला पूर्ण अनुमोदन. फक्त क्रम पाळा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर सुरू करण्याआधी क्लोनझिलाने तिची जशीच्या तशी प्रत काढा. सुरू करताना इंटरनेटची वायर काढून ठेवा. एडिटरने सर्व्हरला विचारायचा प्रयत्न केला आणि उत्तर आलं नाही म्हणून चालू परवाना रद्द केला, असं होऊ द्यायचं नाही. आणि नवी एसएसडी तेवढ्यापुरती काढून ठेवा, म्हणजे दोन विंडोज एकमेकांच्या पायात येणार नाहीत.

अजून एक, आणि हे फार महत्त्वाचं: बायोसला, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगना, हात लावण्याआधी विंडोज ११ च्या बिटलॉकरची (डिस्कला लागणाऱ्या कुलपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ४८ आकडी असते. बूटच्या सेटिंग बदलल्या की परत आल्यावर ती मागण्याची शक्यता असते, आणि ती नसेल तर नव्या डिस्कवरचंही सगळं कुलूपबंद.

निळीशाई
बापरे. हे कुणी सांगितलं नसतं तर मी सरळ डिस्क लावून बसले असते. की लिहून घेतली. शनिवारी भाचा येतोय, त्याच्यासोबत करते.

स्थिरचित्र
मधेच घुसतोय. डाविंची रिझॉल्व्हचं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही? मोफत आवृत्तीत फोर-के, ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट होतं, रंगकामात त्याला तोड नाही, आवाजासाठी फेअरलाइट आतच आहे. एकदा शिकलात की कधीच काही कमी पडणार नाही.

कात्रीकाम
@स्थिरचित्र, रिझॉल्व्ह जबरदस्तच आहे, वाद नाही. पण कंपनीच १६ जीबी मेमरी सांगते, वर चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. ताईंचं मशीन जुनं आहे. लिनक्सवर तर मोफत आवृत्तीत एच-२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारातल्या क्लिपा घेतच नाही, म्हणजे फोनवर चित्रित केलेलं जवळजवळ सगळं आधी बदलून घ्यावं लागतं. आणि त्यात प्रोजेक्ट साध्या फाइलमध्ये नसतो, डेटाबेसमध्ये असतो. आठवणीने प्रोजेक्टची डीआरपी फाइल वेगळी काढून ठेवली नाही तर क्लिपांचा बॅकअप असूनही प्रोजेक्ट गेला. माझ्या मित्राचं झालंय असं.

स्थिरचित्र
डेटाबेसची गोष्ट खरी. मी दर शुक्रवारी डीआरपी काढून बाहेरच्या डिस्कवर टाकतो. मशीनचं म्हणाल तर ताईंनीच सांगावं.

निळीशाई
८ जीबी, ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही. त्यामुळे रिझॉल्व्ह राहू द्या.

पेंग्विनप्रेमी
मग केडेनलाइव्ह बघा. मी लिनक्सवर वापरतो, विंडोजवरही येतो. जुन्या मशीनवर माझा भर प्रॉक्सीवर असतो: तो प्रत्येक क्लिपची हलकी प्रत बनवतो, तुम्ही कट त्या प्रतीवर करता, शेवटचं रेंडर आपोआप मूळ क्लिपांवरून होतं. ८ जीबीत माझी तासाभराची फिल्म झालीय.

आतून शॉटकट आणि केडेनलाइव्ह दोघंही एमएलटी नावाच्या एकाच इंजिनावर चालतात. दोघांची प्रोजेक्ट फाइल साधी एक्सएमएल आहे, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. कुठली क्लिप, कितव्या फ्रेमपासून कितव्या फ्रेमपर्यंत, सगळं डोळ्यांना दिसतं. उद्या दोन्ही बंद पडले तरी ते आकडे कुणी हिरावून घेत नाही. मी याच एका कारणासाठी इथे आलो आणि इथेच राहिलो.

सांजवेळ
हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

तिसरीखिडकी
ताई, शनिवारच्या आधी हे वाचा. एडिटर उघडला की काय काय बाहेर काढायचं ते सांगते, नाहीतर आनंदात नुसती एक एमपी-४ काढून बंद कराल.

सगळ्यात आधी पूर्ण फिल्म, जितक्या वरच्या दर्जात निघेल तितक्या. सेकंदाला १४५ मेगाबिटच्या आसपास ठेवलंत तर ४२ मिनिटांची फाइल साधारण ४६ जीबीची होईल. घाबरू नका, हीच तुमची मुख्य प्रत. मग पाट्यांचा ट्रॅक बंद करून तीच फिल्म पुन्हा काढा. ही सगळ्यात मोलाची, कारण आत्याचं नाव तुम्ही हिच्यावरच दुरुस्त करणार. मग चित्र बंद करून फक्त बाबांचा आवाज, नंतर फक्त संगीत, दोन वेगळ्या वेव्ह फायली. संगीत आणि आवाज एकदा मिसळले की नीट वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे हे चुकवू नका. शेवटी मेनूत ईडीएल (सगळ्या कटांची यादी असलेली साधी फाइल) किंवा एक्सएमएल एक्स्पोर्ट आहे का बघा, असेल तर ते घ्या.

पाट्यांचे स्क्रीनशॉटही घ्या. जुन्या फिल्मांमध्ये मराठी बहुतेकदा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. तो फॉन्ट नव्या मशीनवर नसला की "आठवणी"च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो.

निळीशाई
माझ्या पाट्या अगदी तशाच आहेत! प्रिंट काढून ठेवलंय तुमच्या प्रतिसादाचं.

निळीशाई
शनिवारचा वृत्तांत. लांबलाय, पण सगळं लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

क्लोन व्हायला साडेचार तास लागले. मग डिस्क लावली, बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर एक ओळ: बूट करण्याजोगं काही सापडलं नाही. माझे हातपायच गळाले. भाच्याने शोधून काढलं, की जुनं विंडोज १० जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं होतं आणि ११ साठी आम्ही बायोसमध्ये यूईएफआय ही नवी पद्धत आणि सिक्युअर बूट करून घेतलं होतं. सिक्युअर बूट बंद केलं, जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारं सीएसएम चालू केलं, आणि तो जुना वॉलपेपर समोर आला.

एडिटर उघडला. काहीही विचारलं नाही. प्रोजेक्ट उघडला, आणि टाइमलाइनवर सगळे तुकडे जिथल्या तिथे.

१९ व्या मिनिटाला एक जागा आहे. बाबा आजीबद्दल बोलता बोलता थांबतात, चष्मा काढतात, शर्टाच्या टोकाने पुसतात, परत घालतात आणि म्हणतात, "हं, काय विचारलंस?" मूळ क्लिपेत हे सगळं २३ सेकंदांचं आहे, मधे मागून दार वाजतं, मी काहीतरी बोलते. मी ते नऊ सेकंदांवर आणलं होतं, माझा आवाज आणि दार काढून, शांतता तेवढी ठेवून. त्यात तीन कट आहेत आणि ते दिसत नाहीत, कारण दोन ठिकाणी वरून हातांचा जवळचा शॉट टाकलाय. ते तीन कट टाइमलाइनवर बघितल्यावर मला रडू आलं. हे पुन्हा मला जमलं नसतं, आणि आता मूळ क्लिपा पुन्हा पुन्हा बघायची ताकदही नाही.

सांगितलं तसं सगळं काढलं. मुख्य प्रत, पाट्या नसलेली प्रत, आवाज, संगीत. रात्रीचे दोन वाजले. ईडीएलही मिळाली. परत येताना विंडोज ११ ने खरंच बिटलॉकरची की मागितली! पाचवाट्रॅक, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

पाचवाट्रॅक
वाचून फार बरं वाटलं ताई. आभार कसले. क्लोन आणि मूळ डिस्क एका कपाटात ठेवू नका, एवढं करा.

तिसरीखिडकी
ते नऊ सेकंद वाचले, माझ्यासाठी सगळं भरून पावलं.

निळीशाई
धागा वर काढतेय. पेंग्विनप्रेमींचं ऐकून केडेनलाइव्ह घेतला. दोन गोष्टी अडल्यात. एक, ईडीएलमध्ये क्लिपांची नावं अर्धवट आहेत. "बाबा_मुलाखत_०१" पासून "०७" पर्यंत सगळ्यांचं नाव एकसारखंच दिसतंय. दोन, मी मूळ क्लिपांवरून फिल्म पुन्हा जुळवायला घेतलीय, म्हणजे पुढे कधी बदल करता येतील, पण वेगळा काढलेला आवाज सुरुवातीला जुळतो आणि शेवटी ओठ आणि शब्द वेगळे पडतात. दोन-अडीच सेकंदांचा फरक आहे.

स्थिरचित्र
पहिल्याचं कारण: ईडीएलचा सीएमएक्स ३६०० हा साचा टेपच्या जमान्यातला आहे, त्यात रीळाच्या नावाला आठच अक्षरं मिळतात. सात क्लिपांची पहिली आठ अक्षरं सारखी असली की सगळ्या एकच दिसणार. त्यात चित्राचा ट्रॅकही एकच मावतो, तेव्हा हातांचे शॉट त्यात नसतीलच. जुनी डिस्क अजून चालतेय ना? मग क्लिपांना ए-०१, ए-०२ अशी छोटी नावं देऊन एडिटरमध्ये पुन्हा जोडा आणि प्रत्येक ट्रॅकची ईडीएल वेगळी काढा.

कात्रीकाम
दुसऱ्याचं: नेमका अडीच सेकंदांचा फरक आहे का? मग क्लिपा सेकंदाला २९.९७ फ्रेमच्या आणि नवा प्रोजेक्ट ३० चा केलाय का ते बघा. हजारात एकाचा फरक आहे, ४२ मिनिटांचे २५२० सेकंद, म्हणजे अडीच सेकंद सरळ. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये २९.९७ करा. आधी कट टाकू नका, आधी हे.

फोनवर घेतलेल्या क्लिपा मधे असतील तर त्यांचं दुखणं वेगळं असतं. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे आवाज कुठे पुढे, कुठे मागे जातो. त्या क्लिपा आधी हॅंडब्रेकमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट करून घ्यायच्या. शॉटकट अशी क्लिप आली की स्वतःच विचारतो, बदलून देऊ का म्हणून.

निळीशाई
३० च होता! केडेनलाइव्हने सुरुवातीला विचारलं होतं आणि मी बारकाईने न वाचता पुढे गेले होते. २९.९७ केलं, शेवटच्या वाक्यापर्यंत ओठ जुळले. छोट्या नावांची युक्तीही चालली.

पेंग्विनप्रेमी
मस्त! पाट्या कशा दिसतायत? जोडाक्षरं नीट येतायत का?

निळीशाई
हो, नीट येतायत. मुक्ता फॉन्ट घेतला, सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं. "स्मृती", "कृष्णा", "ज्ञानेश्वर" मुद्दाम टाइप करून बघितलं, ऱ्हस्व वेलांटीसुद्धा जागेवर बसते. याआधी फुकटचा म्हणून एक दुसरा एडिटर करून बघितला होता, त्यात वेलांटी अक्षराच्या नंतर येत होती आणि जोडाक्षरं फुटत होती, तो त्याच दिवशी काढून टाकला. मराठी पाट्या करणाऱ्यांनी पहिल्या पाच मिनिटांत हे तपासावं, रंग आणि ट्रान्झिशन नंतर.

११८ कट होते, १०६ झालेत. रोज रात्री तासभर बसते. बाजूला ईडीएलचा कागद, एकेक ओळ झाली की पेन्सिलीने खूण. चष्म्याची जागा शेवटी ठेवलीय.

सांजवेळ
ताई, एक विचारू? पाट्या नसलेली चांगली प्रत हातात आहे, त्यावर आत्याचं नाव टाकलं की काम झालं असतं. मग सगळे कट पुन्हा का जुळवताय?

निळीशाई
तो मार्ग मी आधीच करून ठेवला, आत्याला नव्या नावाची प्रत पाठवलीही. पण माझ्या मुलीला यात आजोबांचा अजून एक किस्सा घालायचाय, तो मी तेव्हा लांबी वाढते म्हणून गाळला होता. बंद फिल्मच्या मधे तो घालता येतो, पण संगीत तुटतं. कट पुन्हा उघडे असले तर तिला हवं तसं करता येईल. तिला एस आणि एक्स कधीच जमलंय, शॉटकटवर. म्हणाली, केडेनलाइव्हची बटणंही तशीच करून दे.

पेंग्विनप्रेमी
सेटिंग्जमध्ये कीबोर्ड शॉर्टकट्स आहेत, तिथे हवं ते बटण लावता येतं. कट शिफ्ट-आर वर असतो, तो शोधून एस करा. एस दुसऱ्या कशाला दिलेलं असेल तर तो विचारेल, हो म्हणा. अडलं तर व्यक्तिगत निरोप करा.

निळीशाई
झालं. शेवटचे तीन कट काल रात्री टाकले. नऊ सेकंद, दार वाजत नाही.